ताशी चार किलोमीटर

वाहन किती वेगात असले म्हणजे ते माणसाचा जीव घेऊ शकते? हा प्रश्न आठवी-नववीच्या वर्गात विचारून पाहावा. कोणी ताशी ऐंशी किलोमीटर म्हणेल, कोणी शंभर. एखादा विचारी मुलगा चाळीसवर येऊन थांबेल. ताशी चार किलोमीटर असे उत्तर सहसा येत नाही, कारण हा तर आपल्या चालण्याचा वेग. एवढ्या वेगाने येणाऱ्या गाडीपासून बाजूला होणे काय अवघड, असे मुलांना वाटते. मोठ्यांनाही वाटते.

गोदामांच्या आवारात मात्र माणसे जखमी होतात ती बहुधा याच वेगाने. मागे येणारा ट्रक आणि गोदामाचा ओटा यांच्यामध्ये सापडून, ट्रॉली आपोआप घरंगळून, धक्का लागलेली पोत्यांची थप्पी अंगावर येऊन. भरधाव गाडीने रस्त्यावर केलेल्या अपघाताची बातमी होते. गोदामातल्या अपघाताची दोन ओळींचीही होत नाही. म्हणून हा विषय वर्गात आणावा असे आम्हांला वाटते, आणि त्यासाठी लागणारे विज्ञान नववीच्या पुस्तकापलीकडचे नाही.

औंढा नागनाथ बाहेरच्या लोकांना ठाऊक असते ते नागनाथाच्या देवळामुळे, आणि अलीकडे लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेमुळे. तालुक्यातील दुधाळा परिसरात होणाऱ्या या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी सूक्ष्म हालचाल टिपणारे हे यंत्र. दूरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकने जमिनीला बसणारा हादराही त्याच्या मोजमापात अडथळा आणतो, म्हणून अशा वेधशाळेसाठी शांत जागा शोधावी लागते. पण औंढ्याच्या शाळेत बसलेल्या मुलांच्या घरचा ट्रकशी संबंध वेगळा आणि रोजचा आहे. हा जिल्हा सोयाबीन आणि हळदीचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीन निघते, उन्हाळ्यात हळद बाजारात येते. हिंगोलीचे संत नामदेव हळद मार्केट, वसमतचा मोंढा, वखार महामंडळाची आणि आडत्यांची गोदामे या दिवसांत भरून जातात. ट्रॅक्टर-ट्रॉल्या, टेम्पो, ट्रक, अधूनमधून बैलगाडी, आणि त्यांच्यामधून वाट काढणारे हमाल, मापाडी, सांडलेला माल झाडून घेणाऱ्या बायका, भाव पाहायला आलेले शेतकरी. सुट्टीत वडिलांबरोबर आलेली आपली मुलेही यातच असतात. पायी चालणारा माणूस आणि दहा टनांचे वाहन यांच्यामध्ये कोणताही पडदा नसलेली ही जागा आहे.

आता हिशोब करू. माल भरलेल्या एका मध्यम ट्रकचे एकूण वस्तुमान १० टन, म्हणजे १०,००० किलोग्रॅम धरू. तो सेकंदाला १ मीटर वेगाने मागे येतो आहे. हा वेग ताशी ३.६ किलोमीटर होतो. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमानाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणायचे. उत्तर येते ५,००० जूल. ताशी पंधरा किलोमीटरने जाणारा सायकलस्वार सायकलीसह ८० किलोग्रॅमचा धरला, तर त्याची ऊर्जा सुमारे ७०० जूल भरते. म्हणजे गोगलगायीसारखा सरकणारा हा ट्रक जोरात येणाऱ्या सात सायकलींइतकी ऊर्जा बाळगून असतो.

पण केवळ ऊर्जेचा आकडा सांगून थांबलो तर मुलांची फसवणूक होईल. याच ट्रकने मोकळ्या मैदानात उभ्या माणसाला मागून धक्का दिला तर माणूस पुढे ढकलला जाईल, फार तर पडेल. त्याच्या शरीराला ट्रकचाच वेग मिळेल, आणि सेकंदाला १ मीटर हा वेग शरीराला सहज सोसतो. चाकाखाली न गेल्यास तो उठून कपडे झटकेल. मग गोदामाच्या दारात तोच ट्रक जीवघेणा का ठरतो? कारण तिथे माणसाच्या मागे भिंत असते. त्याला ट्रकचा वेग घेऊन पुढे जायला जागा नसते. ट्रक थांबायचा तर मधल्या शरीरानेच त्याला थांबवायचे, अशी वेळ येते. छाती १० सेंटिमीटर दबेपर्यंत ट्रक थांबावा असे म्हटले, तर ५,००० जूल भागिले ०.१ मीटर, म्हणजे सरासरी ५०,००० न्यूटन बल लागेल. हे पाच टन वजनाइतके झाले. शिवाय गिअर पडलेला असतो आणि इंजिन ढकलतच असते, ते वेगळे.

हे वर्गात दाखवता येते. कागदी पेला जमिनीवर मोकळ्या जागी ठेवावा आणि जड बाक हळूहळू त्याच्याकडे सरकवावे. पेला पुढे घसरत जाईल, त्याला काही होणार नाही. आता पेला भिंतीला टेकवून ठेवावा आणि बाक त्याच गतीने सरकवावे. पेला चपटा होतो, आणि बाक ढकलणाऱ्या मुलाला हाताला काही जाणवतही नाही. या शेवटच्या गोष्टीकडे मुलांचे लक्ष जरूर वेधावे. ट्रकच्या चालकालाही काही जाणवत नाही. दहा टनांच्या वाहनाच्या मार्गात साठ किलोचा माणूस आला, तर स्टिअरिंग हातात धरणाऱ्याला त्याची वार्ता लागत नाही. ती वार्ता त्याला कोणीतरी ओरडून द्यावी लागते.

हे काम करतो क्लीनर. ‘येऊ द्या, येऊ द्या’ अशी हाक आणि फाळक्यावर हाताची थाप, ही आपल्याकडची पद्धत सर्वांच्या परिचयाची. तिचा जरा बारकाईने विचार करू. क्लीनरने थांबण्याचा इशारा दिला, तो चालकाच्या कानावर पडला, मेंदूला कळला, पाय ब्रेकवर गेला, ब्रेक लागला. या सगळ्याला एक ते दीड सेकंद सहज लागतो. ट्रक सेकंदाला १ मीटर सरकत असेल, तर तेवढ्यात तो एक ते दीड मीटर मागे आलेला असतो. याचा अर्थ, ट्रक ओट्यापासून दीड मीटरवर आल्यानंतर दिलेली हाक कितीही वेळेवर दिलेली असली तरी उशिराची ठरू शकते. शेवटचा दीड मीटर हाकेच्या आवाक्याबाहेरचा आहे. आणि नेमक्या त्याच दीड मीटरमध्ये फाळका उघडायला, पोत्याचा अंदाज घ्यायला किंवा पलीकडे जायचा जवळचा रस्ता म्हणून माणसे शिरतात. कित्येकदा तर खुद्द क्लीनरच तिथे उभा असतो, कारण तिथूनच त्याला ओटा नीट दिसतो.

चालकाला मागचे किती दिसत नाही, हे मुलांनी स्वतः मोजलेले बरे. शाळेची बस किंवा गावातला एखादा मालवाहू टेम्पो मैदानात उभा करून घ्यावा. इंजिन बंद, किल्ली शिक्षकांच्या खिशात, चाकांना पुढून-मागून दगड. चालकाने आपल्या जागेवर बसून फक्त आरशांत पाहायचे. एका मुलाने वाहनाच्या मागच्या टोकापासून सरळ मागे चालत जायचे आणि चालक ‘दिसला’ म्हणेल तिथे खडूने खूण करायची. मग थोडे डावीकडून, थोडे उजवीकडून. खुणा जोडल्या की वाहनाच्या मागे एक लांबट आकृती तयार होते. तिच्या आत संपूर्ण वर्ग उभा केला तरी आरशात एकही मूल दिसत नाही, असे मोठ्या वाहनाच्या बाबतीत घडू शकते. भर माथ्यापर्यंत भरलेल्या ट्रॉलीची आकृतीही काढून पाहावी. ट्रॅक्टरवर बसलेला माणूस मान वळवून मागे पाहतो खरा, पण त्याला दिसतात ती पोती.

मागे येणाऱ्या वाहनाला बीप-बीप वाजणारा भोंगा बसवला की काम झाले असेही अनेकांना वाटते. भोंगा उपयोगाचा आहे, यात शंका नाही. पण आवाज कुठून येतो हे आपण कसे ओळखतो ते पाहिले म्हणजे त्याची मर्यादा कळते. आपल्या दोन कानांमध्ये वीसेक सेंटिमीटरचे अंतर आहे. उजवीकडचा आवाज उजव्या कानाला किंचित आधी आणि किंचित मोठा पोहोचतो. खालच्या पट्टीच्या आवाजात मेंदू वेळेतला फरक वापरतो, वरच्या पट्टीच्या आवाजात मोठेपणातला. मधल्या पट्टीत, म्हणजे सेकंदाला दोन-तीन हजार कंपनांच्या आसपास, दोन्ही युक्त्या लंगड्या पडतात. अनेक भोंग्यांचा एकसुरी आवाज याच भागात असतो. त्यात पत्र्याच्या शेडमध्ये प्रतिध्वनी मिसळले की भोंगा ऐकू येतो, पण गाडी कोणत्या बाजूने येते आहे ते कळत नाही. आवारात दोन-तीन भोंगे एकदम वाजू लागले की माणूस त्या आवाजाकडे लक्ष देणेच सोडतो.

डोळे बांधलेल्या मुलाभोवती इतरांनी गोल करून हा खेळ खेळता येईल. आधी एकाने मोबाइलवर एकसुरी बीप लावायचा, मग दुसऱ्याने दोन पॉलिशपेपर एकमेकांवर घासायचे. मध्ये उभ्या मुलाने प्रत्येक वेळी आवाजाच्या दिशेला बोट दाखवायचे. पॉलिशपेपरच्या खरखरीत अनेक कंपनसंख्यांची सरमिसळ असल्याने तिची दिशा बहुधा अधिक अचूक सांगता येते. याच तत्त्वावर बीपऐवजी ‘खर्र खर्र’ आवाज करणारे भोंगे तयार झाले आहेत.

आता ट्रॉलीकडे वळू. ट्रॅक्टरपासून सोडवून ठेवलेली ट्रॉली हा मोंढ्यातला सर्वांत गरीब दिसणारा प्राणी. तिच्याकडे इंजिन नाही, चालक नाही, बहुतेक वेळा ब्रेकही नाही. गोदामापुढच्या फरशीला पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून मुद्दाम उतार दिलेला असतो. तो मीटरमागे २ सेंटिमीटर आहे असे समजू. हा उतार डोळ्यांना दिसत नाही. भरलेल्या ट्रॉलीचे वस्तुमान ५ टन असेल, तर तिचे वजन झाले ५०,००० न्यूटन. उताराच्या दिशेने त्याचा पन्नासावा भाग, म्हणजे १,००० न्यूटन बल तिला ओढते. टणक फरशीवर टायर फिरताना होणारा विरोध वजनाच्या साधारण ऐंशीव्या भागाइतका धरला, तर तो भरतो ६२५ न्यूटन. उरले ३७५ न्यूटन. चाकाखालचा दगड निघाला की पाच टनांची ट्रॉली या एवढ्याशा बलाने निघते. पाच मीटर जायला तिला अकरा-बारा सेकंद लागतात, आणि तेव्हा तिचा वेग ताशी तीन किलोमीटर असतो. आवाज जवळजवळ नाहीच. पाठ करून बसलेल्या माणसाला ती दिसत नाही, आणि तिला हाक मारून उपयोग नाही. शाळेच्या व्हरांड्यात काचेची गोटी ठेवून ती कुठे जाते ते पाहिले, की सपाट दिसणारी फरशी सपाट नसते हे मुलांना पटते.

ट्रॉलीचा विषय निघाला की हिंगोली जिल्ह्यात एक तारीख आठवल्याशिवाय राहत नाही. ४ एप्रिल २०२५ रोजी सकाळी वसमत तालुक्यातील गुंज गावच्या शेतमजूर महिलांना घेऊन निघालेला ट्रॅक्टर नांदेड तालुक्यातील आलेगाव शिवारात ट्रॉलीसह विहिरीत गेला. सात महिला दगावल्या, तिघांना वाचवता आले. ती जागा गोदामाची नव्हती, आणि त्या अपघाताची मीमांसा करणे हे या लेखाचे काम नाही. पण मालासाठी केलेल्या वाहनातून मजुरांची ने-आण करणे हा आपल्याकडचा रोजचा व्यवहार आहे, आणि शिवारातल्या कितीतरी विहिरींना कठडा नाही, हे मुलांना शिकवण्याआधी आपणच मान्य केले पाहिजे. ट्रॉलीत बसलेल्या माणसाला धरायला काही नसते आणि वेळेवर बाहेर पडायला दार नसते. पोत्यांना या दोन्हींची गरज पडत नाही.

गोदामाच्या आत गेल्यावर हळू वेगाचे आणखी एक रूप भेटते. वाहनाचा कोपरा थप्पीला घासतो. वाहन ताशी चार-पाच किलोमीटरनेच चाललेले असते आणि चालक लगेच थांबतोही. पण थप्पीच्या माथ्यावर, चार मीटर उंचीवर ठेवलेले ५० किलोंचे पोते आता निसटते. गुरुत्व त्वरण सोयीसाठी १० धरले, तर जमिनीपर्यंत येताना त्याचा वेग सेकंदाला जवळजवळ ९ मीटर, म्हणजे ताशी ३२ किलोमीटर झालेला असतो, आणि ऊर्जा २,००० जूल. वाहनाच्या हळू धक्क्याने उंचावर साठवलेली ऊर्जा मोकळी केली. ती साठवली कोणी? हमालानेच, एकेक पोते पाठीवरून वर चढवून. पोते वर नेताना केलेले कार्य स्थितिज ऊर्जा म्हणून शिल्लक राहते, हे शिकवायला याहून जवळचे उदाहरण मिळणार नाही.

थप्पी किती पक्की राहील हे पोते कशाचे आहे यावरही ठरते. पूर्वी सारी पोती तागाची असत. आता प्लॅस्टिकच्या धाग्याचे कट्टे सर्रास दिसतात. दोन्हींचे तुकडे आणावेत. एक तुकडा फळीवर ताणून बसवावा, त्याच जातीच्या दुसऱ्या तुकड्यात वाळू बांधून ती पुरचुंडी वर ठेवावी, आणि फळीचे एक टोक हळूहळू उचलावे. पुरचुंडी ज्या उंचीला घसरू लागते ती मोजावी. ताग बराच उतार सहन करतो, प्लॅस्टिक लवकर सोडून देते. फरशीवर सोयाबीन सांडलेले असेल तर काय होते हेही पाहावे. चपलेच्या खोक्यात वीट ठेवून रबराने ओढायची, आधी नुसत्या फरशीवरून, मग मूठभर सोयाबीन पसरून. दुसऱ्या वेळी रबर फारच कमी ताणले जाते. सोयाबीनचे गोल दाणे सायकलच्या चाकातल्या छर्‍यांचे काम करतात. तेच दाणे हमालाच्या पायाखाली असतात आणि ब्रेक लावलेल्या चाकाखालीही. झाडू मारणे हे गोदामात सुरक्षेचे काम आहे, हे झाडू मारणाऱ्या बाईला कोणी सांगत नाही.

मराठवाड्यातून भिवंडी, चाकणकडच्या मोठ्या गोदामांत कामाला जाणारी मुले पुष्कळ आहेत. तिथे पाठीवर पोते वाहणे कमी आणि फोर्कलिफ्टचे राज्य अधिक. हे यंत्र म्हणजे चाकांवर ठेवलेला सी-सॉ. पुढची चाके हा टेकू. एका बाजूला काट्यांवरचा माल, दुसऱ्या बाजूला यंत्राचे स्वतःचे वजन, त्यात मागे मुद्दाम बसवलेला लोखंडाचा ठोकळा. समजा, दोन टन माल टेकूच्या पुढे १ मीटरवर आहे आणि चार टनांच्या यंत्राचा गुरुत्वमध्य टेकूच्या मागे १ मीटरवर आहे. तोल राहतो. पण माल काट्यांच्या टोकाकडे सरकवून ठेवला, किंवा उंच उचललेल्या स्थितीत जोरात ब्रेक दाबला, तर हा हिशोब झपाट्याने बिघडतो. म्हणून भरलेली फोर्कलिफ्ट मोटारीसारखी करकचून थांबवता येत नाही. तिची वळणारी चाके मागे असतात, त्यामुळे वळताना तिचे मागचे अंग बाहेर फेकले जाते आणि शेजारी उभ्या माणसाला धडकते. समोर माल उंच असला तर चालकाला पुढचे दिसत नाही. माल धरून सहा टनांचे हे यंत्र ताशी १० किलोमीटरने निघाले, तर त्याची गतिज ऊर्जा ताशी ५५ किलोमीटरने धावणाऱ्या मोटारसायकलीइतकी असते. मोटारसायकल अंगावर येताना पाहून आपण बाजूला होतो. फोर्कलिफ्टशेजारी उभे राहून मात्र गप्पा मारतो.

अमेरिकेत १९८० ते १९९४ या काळात फोर्कलिफ्टशी संबंधित अपघातांत १,०२१ कामगार मृत्युमुखी पडल्याची नोंद तिथल्या व्यवसाय-सुरक्षा संशोधन संस्थेने केली. त्यांपैकी २२ टक्के मृत्यू यंत्र उलटल्यामुळे झाले. पायी असलेल्या कामगाराला यंत्राने धडक दिल्याचे प्रमाण २० टक्के, आणि यंत्राखाली चिरडल्याचे १६ टक्के होते. उलटणाऱ्या यंत्रातून चालक घाबरून उडी मारतो आणि डोक्यावरचे संरक्षक छत त्याच्यावरच येते. म्हणून पट्टा बांधून आत बसून राहावे असे शिकवतात. पळून जा, ही शरीराची उपजत सूचना असते. प्रशिक्षणाने ती मोडावी लागते. १९९९ पासून तिथे फोर्कलिफ्ट चालकाला प्रशिक्षण आणि प्रत्यक्ष चाचणी या दोन्हींची सक्ती झाली.

अपघात झाला की आपल्याकडे एक शब्द लगेच पुढे येतो: निष्काळजीपणा. हमालाचा, नाहीतर चालकाचा. आम्हांला हा शब्द आळशी वाटतो. पाठीवर ५० किलो घेतलेल्या माणसाकडे पाहा. त्याची मान खाली झुकलेली, नजर पुढच्या दोन-तीन पावलांपुरती, बाजूचे दृश्य पोत्याने झाकलेले. त्याला थबकता येत नाही, उडी मारता येत नाही. एरवी एक सेकंदात बाजूला होणाऱ्या माणसाला आता तीन सेकंद लागतात. त्याची मजुरी पोत्यावर ठरते. ट्रक लागेपर्यंत थांबलेली पाच मिनिटे त्याच्या खिशातून जातात. अशा माणसाला ‘लक्ष ठेवून काम कर’ असे सांगणे म्हणजे त्याच्या पाठीवर आणखी एक पोते ठेवणे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली ओझ्याविषयी करार आणि शिफारस केली, तीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंची मर्यादा सुचवली होती. क्विंटलभराची पोती पाठीवर वाहिलेली पिढी आपल्या गावांत अजून आहे. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला, तो या कामगारांच्या दीर्घ लढ्यातून. मजुरी आणि कल्याणनिधीची सोय त्याने केली. पण ट्रक मागे येत असताना हमालाने कुठे उभे राहायचे, हा प्रश्न अखेर त्या त्या आवारातच सुटायचा असतो.

या प्रश्नाकडे वेगळ्या नजरेने पाहिले ते विल्यम हॅडन या अमेरिकी डॉक्टरांनी. १९६६ साली तिथल्या नव्या केंद्रीय रस्ते-सुरक्षा यंत्रणेचे ते पहिले प्रमुख झाले. इजा म्हणजे शरीराला सोसणार नाही एवढी ऊर्जा शरीरापर्यंत पोहोचणे, असे ते मांडत. १९७० साली त्यांनी एक छोटा लेख लिहिला, त्याचे शीर्षक वाघांच्या सुटकेविषयी होते. वाघ ही एक सुटू पाहणारी शक्ती समजा. तिला आवरण्याचे दहा मार्ग त्यांनी सांगितले. वाघच पाळू नये, पाळला तर कमी पाळावेत, पिंजऱ्यात ठेवावेत, माणूस आणि वाघ एका वेळी एका जागी येऊ देऊ नयेत, अशी ती चढती-उतरती मालिका. त्यात ‘माणसाने सावध राहावे’ याला फारसे स्थान नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. रोगजंतूंचा अभ्यास करणारा डॉक्टर रोग्याला ‘तू बेसावध राहिलास’ असे म्हणत बसत नाही. तो पाणी उकळायला सांगतो.

औंढा-हिंगोलीच्या गोदामाला हे लावून पाहिले तर फार खर्चाच्या गोष्टी निघत नाहीत. ओट्याच्या अलीकडे ट्रकच्या मागच्या चाकांना अडेल असा सिमेंटचा किंवा लाकडाचा जाड ओंडका फरशीत पक्का बसवला, की फाळका आणि ओटा यांच्यामध्ये माणसाच्या शरीराएवढी जागा कायम मोकळी राहते. चालकाचे लक्ष असो वा नसो, ट्रक त्या ओंडक्याच्या पुढे येत नाही. हाकेच्या आवाक्याबाहेरचा तो दीड मीटर ओंडका सांभाळतो. हमालांची ये-जा एका दाराने आणि वाहने दुसऱ्या बाजूने, अशी विभागणी चुन्याच्या रेषेने सुरू करता येते. पण नुसती रेषा चार दिवसांत पुसली जाते आणि ट्रकला ती दिसतही नाही, म्हणून जिथे जमेल तिथे रेषेऐवजी दगड रोवावेत. एकच दार असलेल्या जुन्या गोदामात जागेने वेगळे होता येत नसेल तर वेळेने व्हावे. वाहन लागेपर्यंत टोळी आत, वाहन थांबून किल्ली मुकादमाच्या हातात आली की टोळी बाहेर. या पाच-दहा मिनिटांची मजुरी कोणी द्यायची, हे ठरल्याशिवाय मात्र ही पद्धत टिकणार नाही. आमच्या मते ती माल उतरवून घेणाऱ्याने द्यावी. इशारा देणारा माणूस एकच असावा, त्याने चालकाच्या आरशात दिसेल अशा बाजूला उभे राहावे, आणि तो आरशात दिसेनासा झाला तर चालकाने थांबायचे, हे उलटे बंधन चालकावर असावे. तसे झाले तर क्लीनरची हाक ऐकू न येणे हाच थांबण्याचा इशारा ठरतो.

ट्रॉलीच्या चाकाखाली हाताला लागेल तो दगड लावण्याची सवय आहे. गोल दगड चाकाबरोबर सरकतो. लाकडाची पाचर चाकाच्या गोलाईला बसते, चाकाचा भार तिच्यावर जितका येतो तितकी ती फरशीवर घट्ट दाबली जाते, आणि घर्षण वाढते. बाभळीच्या लाकडाच्या अशा चार पाचरी गावातला सुतार तासाभरात करून देईल. त्यांना दोरी बांधून त्या ट्रॉलीच्या दांडीलाच अडकवून ठेवाव्यात, म्हणजे शोधाव्या लागत नाहीत.